हात लावू का, हे बुंदीला विचारायचं कसं?

ताई, नमस्कार.

आम्ही ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. मार्चमध्ये बुंदीला घरी आणलं. देशी आहे, बेसनाच्या लाडवाच्या रंगाची, डॉक्टरांच्या अंदाजाने दोन-अडीच वर्षांची. आधी कुठे होती, तिच्यासोबत काय झालं, काही माहीत नाही. चावत नाही, भुंकतही नाही फारशी. पण डोक्याकडे हात नेला की फरशीत शिरायला बघते. कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली. पहिला गडगडाट झाला त्या रात्री कमोडच्या मागे जाऊन बसली, ती पहाटेच निघाली.

सोसायटीतल्या एका मैत्रिणीने कुत्र्यांना मसाज करणाऱ्या एका बाईंचा नंबर दिला. ‘टीटच’ म्हणून काही पद्धत आहे म्हणे. त्या आल्या, बुंदीला चटईवर घेऊन तासभर बसल्या. बुंदी हूं की चूं न करता पडून होती. ‘बघा, किती रिलॅक्स झाली,’ असं त्या म्हणाल्या. त्या गेल्यावर बुंदी पलंगाखाली गेली आणि रात्री जेवायलाही आली नाही. सहा वेळांचं पॅकेज ९,००० रुपयांचं आहे. सासूबाई म्हणतात, ‘इथे माझे गुडघे कोणी चोळत नाही आणि कुत्रीला मसाज!’ नवऱ्याचं म्हणणं, गडगडाट झाला की तिला घट्ट धरून बसू, हळूहळू सवय होईल. आठ वर्षांचा मुलगा तिला मिठी मारायला टपलेलाच असतो. दहीहंडी तीन आठवड्यांवर आली आहे आणि स्टेज आमच्या गल्लीच्या तोंडाशीच लागतं. पॅकेज घेऊ का? की मीच शिकू? खोबरेल तेलात लव्हेंडरचे थेंब घालून चोळावं, असं एका व्हिडिओत बघितलं. ते चालेल?

– बुंदीची आई, ठाणे

बुंदीची आई,

‘रात्री जेवायलाही आली नाही’ हे वाक्य वाचून मी थांबले. पॅकेजचं उत्तर त्यातच आहे. घेऊ नका.

त्या बाई वाईट असतील असं नाही. पण अनोळखी माणूस तासभर अंगावर हात ठेवून बसलं आहे आणि घाबरट कुत्री हलतसुद्धा नाही, तर मला आधी शंका येते. घाबरलेलं जनावर पळतं, नाहीतर दात दाखवतं, हे आपल्याला ठाऊक असतं. तिसरा प्रकार आपल्या लक्षात येत नाही: ते थिजतं. पळायला जागा नाही, गुरगुरण्याची हिंमत नाही, मग ‘संपेल कधीतरी’ म्हणून पडून राहतं. लांबून बघणाऱ्याला ते शहाणं वाटतं.

थिजलेलं आणि सैलावलेलं यांतला फरक आता घरीच बघा. बुंदी दुपारी आपणहून पंख्याखाली झोपते तेव्हा तिच्याकडे नीट बघा. एका कुल्ल्यावर कललेली, मागचा पाय बाहेर टाकलेला, तोंड किंचित उघडं, श्वासाबरोबर पोट वरखाली होतंय, मधेच एक लांब सुस्कारा. हे सैलावणं. आता त्या चटईवरची बुंदी आठवा. चारही पाय अंगाखाली, ओठ मिटलेले, कान मागे चिकटलेले, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसतंय, जीभ नाकावरून झर्रकन फिरून आत जातेय, झोप आलेली नसताना जांभया. यातलं काही होतं का? पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण होतं असं मला वाटतं. कारण खरोखर सैलावलेलं कुत्रं उठल्यावर आळस देतं, पाणी पितं आणि घरात फिरतं. पलंगाखाली जाऊन उपाशी राहत नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. वीसेक वर्षांपूर्वी आमच्याकडे गुंड्या होता. लक्ष्मीपूजनाच्या रात्री खालच्या पोरांनी हजाराची माळ लावली आणि तो थरथरायला लागला. मी त्याला कवेत घेतलं, घट्ट, अगदी तुमचे यजमान म्हणतात तसं. दुसरी माळ लागली आणि त्याने माझ्या मनगटात दात रुतवले. तोवर सहा वर्षांत त्याने एकदाही ओरखडा काढला नव्हता. नंतर कळलं, त्याआधी त्याने तीन वेळा मान फिरवून सांगितलं होतं. मी त्याचं डोकं पुन्हा छातीशी ओढत होते. मनगटावर खूण अजून आहे. चूक शंभर टक्के माझी होती.

तेव्हा यजमानांना सांगा, धरून ठेवल्याने सवय होत नाही. आवाजाच्या भीतीत अडकल्याची भीती मिसळते, एवढंच. मात्र ‘घाबरल्यावर जवळ घेतलं की लाडावतं, भीती वाढते’ असं म्हणणारे भेटतील, त्यांचंही ऐकू नका. भीती ही भावना आहे, आगाऊपणा नव्हे, गोंजारल्याने ती वाढत नाही. बुंदी आपणहून येऊन पायाला चिकटली तर खुशाल हात ठेवा. येणं-जाणं तिच्या हातात राहू द्या.

आता टीटचविषयी. ही पद्धत टाकाऊ नाही. कॅनडात जन्मलेल्या लिंडा टेलिंग्टन-जोन्स या घोड्यांत वाढलेल्या बाई. १९७५ साली त्या मोशे फेल्डनक्राइस यांच्याकडे शिकायला गेल्या. फेल्डनक्राइस माणसांना अगदी हळू, सवयीबाहेरच्या हालचाली करायला लावून त्यांचं दुखणं आणि अवघडलेपण सोडवायचे. बाईंनी तो विचार आधी घोड्यांवर आणि मग कुत्र्या-मांजरांवर आणला. टेलिंग्टनमधला ‘टी’ आणि ‘टच’ मिळून टीटच. त्यांचा मूळ स्पर्श म्हणजे सव्वा वर्तुळ. यात स्नायू दाबायचे नसतात, त्वचा फक्त किंचित सरकवायची असते, म्हणून याला मसाज म्हणणंही तसं चूकच.

तो करतात असा. बुंदीच्या खांद्यावर छोटं घड्याळ काढलंय असं समजा, सहाचा आकडा खाली. तीन बोटांची टोकं सहावर ठेवा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने त्वचा फिरवत पूर्ण फेरी घ्या. सहावर न थांबता आठ-नऊपर्यंत जा. बोटं केसांवरून घसरायला नकोत, बोटांसोबत खालची कातडी सरकली पाहिजे. एका वर्तुळाला साधारण दोन सेकंद. मग हात उचलून दुसऱ्या जागी. दुसरा हात तिच्या अंगावर नुसता टेकलेला. जोर किती, हे कळण्यासाठी डोळे मिटून स्वतःच्या पापणीवर ते वर्तुळ काढून बघा. या पद्धतीत जोर आकड्यांत मोजतात. पापणीला सोसेल तेवढाच जोर म्हणजे त्यातला सगळ्यात हलका, एक. बुंदीसाठी एक ते तीनच्या पुढे जायचंच नाही. आपण लाडात येऊन कुत्र्याच्या डोक्यावर थापट्या मारतो ना, त्या या मोजपट्टीत बसणारच नाहीत!

याने होतं काय? माणसाने शांतपणे हात फिरवला की कुत्र्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे अनेकांनी मोजून पाहिलंय. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधकांच्या एका अभ्यासात, घरातल्या आणि शेल्टरमधल्याही कुत्र्यांना तोंडी कौतुक करणारा माणूस आणि नुसता हात फिरवणारा माणूस यांतून निवड करायला दिली, तर ती हात फिरवणाऱ्याजवळच रेंगाळली. पण सव्वा वर्तुळच का, पाऊण का नाही, त्याने पेशी ‘जाग्या’ होतात वगैरे जे सांगितलं जातं, त्याला भक्कम पुरावा नाही. माझं मत विचाराल तर खरा गुण वर्तुळात नाही. वर्तुळ काढायचं म्हटलं की आपला हात हळू होतो, आपला श्वास हळू होतो आणि नजर कुत्र्यावर राहते. इतका वेळ फोन बाजूला ठेवून आपण दुसऱ्या कशासाठी बसतो?

आणि म्हणूनच हे पैसे देऊन बाहेरून आणायचं काम नाही. बुंदीला अजून तुमच्याच हाताची खात्री नाही, तिथे तिसऱ्या माणसाचा हात कुठे घालता? वर्षभराने, ती धीट झाल्यावर, चांगल्या जाणकाराकडून दोन गोष्टी शिकायला हरकत नाही. जाणकार चांगला की कसा, हे ओळखायची खूण सोपी आहे. पहिल्या भेटीत तो कुत्र्याला जवळजवळ हातच लावत नाही.

तुम्ही आज रात्रीपासून सुरू करा. जेवणं झाल्यावर फरशीवर बसा, तिच्यासमोर नाही, तिरकं. बोलवू नका. ती आली, तर हात वरून न नेता खालून, छातीशी किंवा खांद्याच्या बाजूला न्या. वरून येणारा हात तिने आधी कशासाठी पाहिलाय, कोण जाणे. तीन सेकंद खांद्यावर फिरवा आणि थांबा. हात आपल्या मांडीवर परत. आता बघा. ती तुमच्याकडे सरकली, नाकाने हात ढकलला, खांदा टेकवला, तर ‘अजून’ म्हणतेय. पुन्हा तीन सेकंद. तिने मान वळवली, ओठ चाटले, अंग झटकलं किंवा नुसतीच दगडासारखी बसून राहिली, तर आजच्यापुरतं झालं. नुसतं बसून राहणं म्हणजे होकार धरू नका, इथेच त्या बाई चुकल्या.

सगळी भिस्त या हात काढून घेण्यावर आहे. बुंदीच्या आयुष्यात आजवर माणसाचा हात यायचा तेव्हा यायचा आणि जायचा तेव्हा जायचा, तिच्या म्हणण्याला किंमत नव्हती. मान फिरवली की हात थांबतो, हे तिला पन्नास वेळा अनुभवू दे, मग ती हाताखाली यायला लागेल. आमच्या घरी आता तारा आहे, तीही रस्त्यावरचीच. तिला सव्वादोन महिने लागले. एका संध्याकाळी मी हात मांडीवर परत ठेवला, तर तिने पुढचा पंजा उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि दुसरीकडेच बघत बसली, जणू पंजा तिचा नव्हताच. त्यानंतर आमची वर्तुळं सुरू झाली. खांदे, मग पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजू (कण्यावर नाही), मग मांड्या. कान सगळ्यात शेवटी, मुळापासून टोकापर्यंत अंगठा आणि बोटाच्या मधून हळूच घसरत. कानावरचा हा स्पर्श कुत्र्यांना फार सुखावतो, पण डोक्याला बिचकणाऱ्या बुंदीच्या बाबतीत तिथवर जायची घाई नको.

मात्र या सगळ्याच्या आधी डॉक्टर. ‘हात लावला की दचकते’ याचं कारण प्रत्येक वेळी भूतकाळात नसतं, पुष्कळदा ते कानात असतं. ठाण्याच्या पावसाळ्यात कानाला बुरशी धरायला वेळ लागत नाही. दात, मान, कंबर, सगळं तपासून घ्या. २०१८ साली ब्रिटन आणि ब्राझीलमधल्या संशोधकांनी आवाजाला घाबरणाऱ्या २० कुत्र्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या होत्या, काहींना सांध्या-स्नायूंचं दुखणं होतं, काहींना नव्हतं. दुखणं असलेल्यांपैकी बहुतेकांची भीती दुखण्यावर उपचार झाल्यावर कमी झाली. त्यांचा तर्क पटण्यासारखा आहे. दचकलं की अंग आखडतं, दुखऱ्या जागी कळ येते आणि कुत्र्याच्या डोक्यात आवाज आणि कळ यांची गाठ पडते. डॉक्टरांना ‘घाबरट आहे’ एवढंच सांगू नका, कुठे हात लावल्यावर काय करते ते लिहून न्या. दुसरं मत हवं असेल तर परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई रुग्णालय एकाच आवारात आहे. पण घाबरट कुत्रीला गर्दीच्या वेळी टॅक्सीत कोंबून नेऊ नका.

रोज अंगावरून हात फिरण्याचा एक अगदी व्यवहारी फायदाही आहे. गोचीड सापडते. बोटांच्या मध्ये, कानाच्या घडीत, शेपटीच्या मुळाशी. गोचिडतापाने भलीभली कुत्री आडवी होतात, तेव्हा दर संध्याकाळी एकेक जागा चाचपून ठेवलेली बरी.

तेलाचं उत्तर: नाही. खोबरेल लावलं तर ती चाटणार आणि उद्या तुम्हीच फरशी पुसत बसणार, एवढंच. पण सुगंधी तेलांचे थेंब नकोत. कुत्र्याच्या नाकाला तो वास आपल्याला वाटतो त्याच्या कैक पट असतो, आणि टी ट्री तेलासारखी काही तेलं त्यांना चक्क विषारी असतात. कापूर असलेला बामही तसाच. सासूबाई गुडघ्यांना लावत असतील तर लावून झाल्यावर हात धुऊन मगच बुंदीला हात.

सासूबाईंना मी तुमच्या बाजूला ओढणार आहे. त्यांनी बाळांना तेल लावलं असेल, नाही तर तेल लावणाऱ्या बाईंना पायावर बाळ घेऊन बसलेलं पाहिलं असेल. चांगल्या हाताची बाई बाळाची मूठ आवळली की तिथला हात हलका करते, ओठ काढले की थांबते, हे त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. त्यांना म्हणा, तेच करायचंय, तेल सोडून. शिवाय दिवसभर घरात, शांत बसलेलं माणूस त्याच असतात. बुंदी पहिल्यांदा त्यांच्याच पायाशी येऊन बसली तर मला नवल वाटणार नाही. आणि हो, त्यांचे गुडघेही चोळून द्या एखाद्या रात्री.

मुलाला मिठीला स्पष्ट बंदी. गळ्याभोवती हात आणि चेहऱ्याजवळ चेहरा, लहान मुलांना तोंडावर चावे बसतात ते बहुतेक असेच. त्याच्याकडे सेकंद मोजायचं काम द्या: तुम्ही हात फिरवताना त्याने मनात एक-दोन-तीन म्हणायचं आणि ‘थांब’ सांगायचं. आठ वर्षांच्या मुलाला आईला ‘थांब’ म्हणायला मिळतंय, तो मिठी विसरेल.

राहता राहिली दहीहंडी. तीन आठवड्यांत स्पर्शाने ती भीती जाणार नाही, हे आधी मान्य करू. कागदावर रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, तो कागद स्टेजवरच्या स्पीकरला कोणी वाचून दाखवत नाही. आपल्याला २०,००० हर्ट्झच्या पुढे ऐकू येत नाही, कुत्र्याला ४५,०००च्या आसपासपर्यंत येतं, तेव्हा तुमच्या कानठळ्या बसतात तिथे तिचं काय होत असेल ते बघा. बदलापूर-कर्जतकडे ओळखीचं घर असेल आणि बुंदी तिथे आधी जाऊन आली असेल, तर त्या दिवशी तिला घेऊन निघून जा. हा सगळ्यात उत्तम उपाय. नसेल तर डॉक्टरांना आताच भीती कमी करणाऱ्या गोळीबद्दल विचारा आणि एका शांत दिवशी तिची चाचणी घेऊन ठेवा. नुसतं गुंगीचं औषध नको, हेही विचारून घ्या. काही औषधांनी अंग ढिलं पडतं पण भीती तशीच राहते, आणि हलताही येत नाही ही वेगळीच शिक्षा. घरातल्या माणसांची झोपेची गोळी तर मुळीच नाही.

त्या दिवशी पहाटे सहाला, स्पीकर लागायच्या आत, कचराळी तलावाच्या बाजूने एक लांब फेरी. हार्नेस आणि पट्टा दोन्ही, गळ्यात फोन नंबर. घाबरून सुटलेलं कुत्रं घरचा रस्ता विसरतं. मग बाथरूम उघडं ठेवा, कमोडमागे तिची गोधडी घाला. ती जागा तिने स्वतः निवडली आहे, घरातली सगळ्यात आतली आणि बिनखिडकीची असणार. तिथून ओढून काढू नका. पंखा, एक्झॉस्ट, टीव्ही, जे काही एकसुरी घूं-घूं करतं ते चालू ठेवा. तुम्ही दारात फरशीवर बसा, पाठ टेकून, हात मांडीवर.

अंगाला गुंडाळायची पट्टी वापरायची असेल तर तालीम आजपासून. मेडिकलमधलं तीन-चार इंची क्रेप बँडेज घ्या. मधला भाग छातीवर, दोन्ही टोकं खांद्यांवरून पाठीवर नेऊन फुली, मग पुढच्या पायांमागून पोटाखाली, आणि वर आणून कण्याच्या एका बाजूला सैल गाठ. दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत. पहिल्या दिवशी दोन मिनिटं, खाऊ देत देत. काही कुत्री यात निवांत होतात, काही पुतळा होतात. बुंदी पुतळा झाली तर बँडेज प्रथमोपचाराच्या डब्यात ठेवून द्या. आपल्याकडच्या दमट हवेत ती धापा टाकायला लागली तरी लगेच काढा, आणि पट्टी बांधून तिला एकटीला सोडू नका.

पहिला आठवडाभर ती बहुधा तीन सेकंद संपायच्या आतच उठून जाईल. जाऊ द्या, मागे हाक मारू नका. त्या वेळी कुकर मात्र लावू नका, वरण आधीच शिजवून घ्या.